ओ दिली की जावं लागतं

या ग्रुपवर मी बरीच वर्षं आहे, पण आजवर लिहिलं काहीच नाही. खरं सांगू? मी इथले अनुभव वाचायचे आणि प्रत्येकाखाली मनातल्या मनात निदान टाकत जायचे. छातीवर कोणीतरी येऊन बसलं... स्लीप पॅरालिसिस. गेलेले आजोबा स्वयंपाकघरात दिसले... शोक आहे, होतं असं, पाणी प्या आणि झोपा. घाटात बाईकच्या मागे कोणीतरी बसल्यासारखं वाटलं... तर बाबा, झोप काढून मग गाडी चालव ना! भूतखेत, करणी, बाहेरची बाधा, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आणि आज हे लिहायला बसले तरी "आता आहे" असं म्हणायला जीभ रेटत नाही. तेव्हा हसणाऱ्यांनी खुशाल हसून घ्या, मी तुमच्यातलीच आहे.

मी सायकॉलॉजिस्ट आहे, म्हणून ही निदानाची खोड. पिंपळे सौदागरला माझं दोन खोल्यांचं क्लिनिक आहे, दुसऱ्या मजल्यावर. खाली बेकरी, तिच्या बाजूला मोबाईल दुरुस्तीचं दुकान. बाहेरच्या खोलीची खिडकी रस्त्यावर उघडते, आतल्या खोलीचीही. दिवसभर हॉर्न, भाजीवाले आणि खारी भाजल्याचा वास. ज्याच्याबद्दल लिहितेय त्याची रीतसर परवानगी घेतली आहे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही.

बाहेरच्या खोलीत शोभाताई बसतात. फोन घेणं, अपॉइंटमेंट लिहिणं, आलेल्या माणसाला पाणी देणं ही त्यांची कामं. शोभाताई इथल्या मूळच्या. आता जिथे क्लब हाऊसवाली मोठी सोसायटी उभी आहे तिथे त्यांचा ऊस होता. अंगावर माझ्यापेक्षा जास्त सोनं घालून त्या माझ्याकडे नोकरीला येतात. का, तर "घरी सुनंच्या मधी मधी करन्यापरीस हितं बरं." स्वभाव चौकस, पण एक नियम त्यांनी कधी मोडला नाही. सेशन चालू असताना आतलं दार वाजवायचं नाही.

तर बालाजी. वय तिशीच्या आतबाहेर, मूळचा लातूरकडचा, चाकणच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या मशीनवर. त्याला कंपनीच्या डॉक्टरांनी पाठवलं होतं. कामाच्या मध्येच तो थिजतो, कोणी हाक मारली तर ऐकू येऊनही जागचा हलत नाही, अशी तक्रार होती. एकदा फोर्कलिफ्टवाला मागून ओरडत राहिला आणि हा तसाच उभा. थोडक्यात वाचला. लाइनवर परत घ्यायचं की नाही ते माझ्या अहवालावर ठरणार होतं. बायको आणि लहान मुलगी गावाकडे. त्यांना चाकणला आणायचं म्हणून त्याने वेगळी खोलीही बघून ठेवली होती.

कंपनीची सुट्टी गुरुवारची, म्हणून तो गुरुवारी दुपारी यायचा. खोलीवरच्या पोरांना सांगायचा की पाठ दुखतेय, फिजिओथेरपीला चाललोय. बाईक चालवणं त्याने सोडलं होतं. नाशिक फाट्यापर्यंत बसने यायचा आणि तिथून चालत.

पहिल्या दिवशी खुर्चीत टेकता टेकताच म्हणाला, "मॅडम, मला येड लागलं नाई हे आधीच सांगतो. मला फकस्त हाक ऐकू यायलीय."

"कोणाची?"

"ईश्वरची."

ईश्वर त्याच्याच गावचा. दोघं एकाच खोलीत राहायचे, एकाच कंपनीत होते. त्यांच्या गावाकडे अशी रीत आहे की हाक मारणारा माणूस दिसत नसेल तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्याही नाही. तिसरी आली तरच माणसाची समजायची, कारण "ते" तिसरी हाक मारत नाही. आपल्याकडेही जुनी माणसं म्हणतात हे. या दोघांनी त्याची गंमत करून टाकली होती. कोणी कोणाला उठवायला आलं की तिसऱ्या हाकेशिवाय उठायचंच नाही, नुसतं पडून हसायचं.

एका दुपारी बालाजी रात्रपाळी करून आडवा झाला होता. ईश्वरने खालून बाईकवरूनच हाक मारली, "बाला, चल रे!" मग परत एकदा. बालाजी जागा होता. तिसरीची वाट बघत उशीत तोंड घालून हसत होता. तिसरी आलीच नाही. त्याऐवजी हॉर्न वाजला, दोनदा, आणि गाडी निघून गेली. तळेगाव रस्त्यावर ईश्वर कंटेनरखाली आला, जागच्या जागी गेला.

"मी मागं बसलो असतो तर त्यानं गाडी हळू चालवली असती मॅडम. मी असलो की तो हळूच चालवायचा."

त्या गाडीचा हॉर्न बिघडलेला होता. घसा बसलेल्या म्हाताऱ्याने खाकरावं तसा वाजायचा. बालाजीने तो मला तोंडाने काढून दाखवला, आणि त्या पहिल्या सेशनमध्ये तेवढ्या एकाच वेळी तो हसला. गाडीचं काय झालं म्हणून विचारलं, तर म्हणाला, चेंदामेंदा झालेली, ईश्वरच्या भावाने कुदळवाडीत भंगारात घालून टाकली.

तेव्हापासून ही हाक. कधी मशीनवर, कधी बसस्टॉपवर, बहुतेक दुपारची. "बाला, चल रे." दोनदा. तिसरी कधीच नाही. बाला असं त्याला दुसरं कोणी म्हणत नव्हतं. कंपनीत तो आडनावाने, घरी बालाजी.

आता माझं काम सुरू झालं. मी सीबीटी करते, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याची थेरपी. त्यात उपचाराच्या आधी केस फॉर्म्युलेशन लिहावं लागतं. निदान म्हणजे आजाराचं नाव. फॉर्म्युलेशनमध्ये त्या नावामागची गोष्ट लिहायची. हा त्रास याच माणसाला का, आत्ताच का, आणि थांबत का नाही? मी पांढऱ्या फळ्यावर चौकटी आखते. प्रसंग, त्या वेळी मनात आलेला विचार, भावना, अंगात काय होतं, आणि मग माणूस काय करतो. चौकटींमध्ये बाण काढायचे. नीट जमलं की शेवटचा बाण फिरून पहिल्या चौकटीत येऊन घुसतो आणि समोरच्याला आपलं चक्र दिसतं. माझी फॉर्म्युलेशन्स चांगली असतात. हे मी म्हणत नाही हो, ज्यांच्याकडे मी शिकले ते सर म्हणतात, आणि अजूनही अवघड केस मी त्यांच्याशीच बोलते.

बालाजीचं तर जणू आपणहून फळ्यावर उतरलं. अपराधी भावना, झोपेची लागलेली वाट, अर्धवट ऐकलेले आवाज, त्यात मेंदू ओळखीचा आवाज भरतो. मग "मी ओ दिली असती तर तो वाचला असता" हा विचार. मग भीती, छातीत धडधड. आणि शेवटी सगळ्यात महत्त्वाची चौकट, तो काय करतो? तर ओ देत नाही. थिजतो, कानात बोळे घालतो, जिवंत माणसाच्या हाकेलाही गप्प राहतो. आम्ही याला सेफ्टी बिहेवियर म्हणतो. भीती टाळण्यासाठी माणूस जे करतो, त्यानेच भीती जिवंत राहते. कारण ते केलं नसतं तर काहीच झालं नसतं, हे कळायची संधीच तो स्वतःला देत नाही.

बालाजी बराच वेळ फळ्याकडे बघत राहिला. "हे समदं माझंच हाय व्हय?" म्हणाला. मग उठला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. मी लिहिलं होतं, "ईश्वर हाक मारतो असं वाटतं."

"वाटत नाई मॅडम. मारतो."

फॉर्म्युलेशन दोघांनी मिळून लिहायचं असतं, पेशंटची दुरुस्ती मान्य करायची असते, हे मी स्वतः नवीन मुलांना शिकवते. तरी तो शब्द मी तसाच ठेवला.

पुढची पायरी प्रयोगाची. म्हणजे सेफ्टी बिहेवियर सोडून बघायचं आणि काय होतं ते तपासायचं. बालाजी नको नको म्हणत राहिला. त्याला म्हटलं, ओ दिली तर काय होईल? जे वाटतं ते सांगा, मी फळ्यावर लिहिते.

"ओ दिली की जावं लागतं मॅडम. आमच्याकडं कोणी ओ देऊन बसून राहत नाई. तो न्यायला येईल."

मी लिहिलं, "तो न्यायला येईल." खात्री किती? नव्वद टक्के, म्हणाला.

एका गुरुवारी तो योग आला. एप्रिलचं ऊन, बाहेर लख्ख उजेड. शोभाताई कोणाच्या तरी साखरपुड्याला गेल्या होत्या, त्यामुळे क्लिनिकमध्ये आम्ही दोघंच. बोलता बोलता बालाजी थांबला, दाराकडे बघायला लागला. "आत्ता," म्हणाला. मला काहीही ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "द्या ओ." त्याच्या कपाळावर घाम. मी परत म्हटलं, "मी आहे ना इथे."

त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "ओ... आलो रे ईश्वर."

इतकं साधं म्हणाला हो ते! खाटेवरून उठून चपला शोधता शोधता म्हणावं तसं. पायसुद्धा हलले त्याचे.

आम्ही बसून राहिलो. पंखा फिरत होता, खाली बेकरीवाला कोणाशी तरी सुट्ट्यावरून वाद घालत होता. बाकी काही नाही.

"आला का?" मी विचारलं.

"नाई." मग जरा थांबून, "अजून तरी नाई."

मी हसले. म्हटलं, पत्ता चुकला असेल, पिंपळे सौदागरमध्ये भल्याभल्यांचा चुकतो. तोही हसला बिचारा. फळ्यावरच्या त्या वाक्यापुढे मी फुली मारली आणि त्या दिवशी घरी जाताना मी खूश होते, अगदी शीळ घालावी इतकी.

हाक बंद झाली. पुढच्या गुरुवारी नाही, त्याच्या पुढच्या गुरुवारी नाही. झोप लागायला लागली, कानातले बोळे गेले. सर फोनवर म्हणाले, टेक्स्टबुक केस आहे, लिहून ठेव नीट. आता एक शेवटचं सेशन आणि मग कंपनीला कळवायचं की माणूस कामाला योग्य आहे. बायको-मुलीला आणायची तयारीही त्याने सुरू केली.

शेवटच्या सेशनमध्ये आम्ही जुनंच फॉर्म्युलेशन फळ्यावर काढून उजळणी करत होतो. वेळ संपत आली होती आणि दार वाजलं.

मी चिडलेच. बालाजीला "एक मिनिट" म्हणून बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. शोभाताई उभ्या.

"रागावू नका मॅडम. एक जन आलावता. म्हन्ला, बाला झाला का? मी म्हन्लं कोन बाला? तर म्हन्ला आत बसलाय त्यो. त्याला म्हनावं मी खाली थांबलोय."

मला पहिल्यांदा फक्त राग आला. खोलीवरच्या कोणाला तरी कळलेलं दिसतंय, असं वाटलं. विचारलं, नाव सांगितलं का?

"न्हाई. गुनी वाटला पोरगा. बस म्हन्लं, पानी देते, तर नको म्हन्ला, गाडी चालूच हाय." आणि मग शोभाताई सहज म्हणाल्या, "म्हन्ला, त्यो आलो म्हन्लावता, म्हनून न्यायला आलोय."

बालाजी "आलो" म्हणाला त्या दुपारी शोभाताई साखरपुड्यात जेवत होत्या. खोलीत बालाजी आणि मी सोडून कोणी नव्हतं. माझ्या हातात मार्कर होता, त्याचं टोपण मी काढत होते आणि लावत होते, काढत होते आणि लावत होते.

खिडकीशी गेले. खाली बेकरीच्या पत्र्याला लागून एक बाईक उभी होती. हँडल पत्र्याखाली झाकलेलं, मागची सीट तेवढी दिसत होती. रिकामी. गाडी चालू होती, मागचं मडगार्ड थरथरताना दिसत होतं. गाडीजवळ माणूस असलाच तर पत्र्याच्या आत असणार. अशा शंभर गाड्या उभ्या असतात तिथे, रोज. मी स्वतःला हेच सांगत होते, आणि तेवढ्यात हॉर्न वाजला. खाकरल्यासारखा. बसलेल्या घशाचा. एकदा, आणि जरा वेळाने परत एकदा.

आता काय करायचं?

नियमाने बघाल तर उत्तर सोपं होतं. बालाजीला सांगायचं, खाली कोणीतरी तुमची वाट बघतंय, जाऊन बघा. भीती खोटी आहे हे बघायला याहून चांगली संधी कुठली? खाली कोणीतरी मित्र सापडला असता, दोघं हसले असते, केस बंद. आणि मी तसं म्हटलं असतं तर तो गेला असता. माझं सगळं ऐकायचा तो. उठला असता, चपला घातल्या असत्या, जिना उतरून त्या रिकाम्या सीटवर बसला असता.

मी आत गेले. पहिल्यांदा खिडकी लावली. "धूळ येतेय," म्हटलं. बालाजी फळ्याकडे बघत बसला होता, हात मांड्यांवर. म्हणाला, "झालं न मॅडम? निघू मी?"

"नाही," मी म्हटलं. "बसा."

सेशनची वेळ मी कधीच लांबवत नाही. पेशंट दारात रडायला लागला तरी मी पुढच्या वेळेवर टाकते, माझी ख्याती आहे तशी. त्या दिवशी मी डस्टर घेतलं आणि भरलेला फळा पुसून टाकला. म्हटलं, "परत लिहू. पहिल्यापासून."

"समदं?"

"सगळं."

मी चौकटी आखल्या, घाईत वाकड्यातिकड्या. खालून इंजिनचा आवाज बंद काचेतूनही येत होता, एकसारखा, आणि मी त्या आवाजावर माझा आवाज चढवून बोलत होते. प्रसंग सांगा. विचार सांगा. बालाजी सांगत होता, मी लिहीत होते. ते संपलं तसं मी नवी चौकट काढली. त्रास असूनही माणसाला धरून ठेवणारं जे काही असतं, त्याची. एरवी मी त्यात दोन ओळी लिहिते.

"काय धरून ठेवतं तुम्हाला, बालाजी?"

"सारिका," तो म्हणाला. बायको. मग मुलगी. मी म्हटलं अजून. आईचे डोळे, ऑपरेशन करायचंय. अजून. बघून ठेवलेली खोली, तिला मागे छोटीशी जागा आहे, सारिका म्हणाली तिथे तुळस लावू आणि मिरच्या. अजून सांगा. प्रेस शॉपमध्ये पहिल्यांदा स्वतः डाय, म्हणजे साचा, बसवला तो दिवस. मुलगी फोनवर रोज विचारते, पप्पा आज काय जेवले. मी लिहीत सुटले. चौकट भरली, बाहेर लिहिलं. फळ्याची कड आली तशी अक्षरं बारीक केली. तो थांबला की मी म्हणायचे, अजून, आणि तो शहाण्या पोरासारखा अजून एक आठवून द्यायचा. असलं फॉर्म्युलेशन सरांनी पाहिलं असतं तर फाडून फेकलं असतं. बाण नाही, चक्र नाही, नुसती यादीच्या वर यादी. मला त्या माणसाला त्या खुर्चीत ठेवायचं होतं. बाकी मला काही कळत नव्हतं.

कधीतरी इंजिनचा आवाज बदलला. गिअर पडला, गाडी रस्त्याला लागली, आणि मग इतर गाड्यांत मिसळून गेली. मी मार्कर खाली ठेवला.

बालाजी उठला, हात जोडले, निघाला. मी त्याला बसने न जाता रिक्षाने जायला सांगितलं. शोभाताईंनी तोंड उघडायच्या आत मी त्यांच्याकडे डोळे वटारले. तो जिना उतरून गेला. त्यानंतर मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसले आणि मला रडू आलं. शोभाताई पाणी घेऊन आल्या आणि काहीही न विचारता माझ्या पाठीवर हात फिरवत बसल्या.

आता तुमचे प्रश्न मला माहीत आहेत, कारण तेच मी स्वतःला विचारलेत. कोणीतरी चेष्टा केली का? मग "आलो म्हणाला होता" हे त्याला कुठून कळलं? बालाजीनेच कोणाला सांगितलं असेल का? असेल. त्याला विचारलं तर नाही म्हणाला, आणि जो माणूस पाठदुखीचं नाव सांगून येतो तो असलं काही सांगत सुटेल असं वाटत नाही. शोभाताईंनी ईश्वरचं नाव ऐकलं नव्हतं, त्यांना ही केस माहीतच नव्हती. तसा हॉर्न दुसऱ्या कोणाच्या गाडीला असू शकतो? शंभर टक्के असू शकतो. आणि सीसीटीव्ही? बेकरीवाल्याकडे कॅमेरा आहे, रस्त्याकडे तोंड करून. त्याने फुटेज दाखवलंही असतं. मी मागितलं नाही. माझ्या एखाद्या पेशंटने असं केलं असतं तर मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं असतं, टाळाटाळ.

सरांना मी सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, "तू त्याला खाली जाऊ दिलं नाहीस, म्हणजे काय झालं असतं ते तुला आता कधीच कळणार नाही." त्यांचं बरोबर आहे. तरी परत तशी वेळ आली तर मी परत तेच करीन, हे मी त्यांना सांगितलं नाही.

बालाजी लाइनवर परत गेला. हाक पुन्हा आली नाही.

दिवाळीनंतर तो भेटायला आला, पेढ्याचा बॉक्स घेऊन. सारिका आणि मुलगी खाली बेकरीत होत्या, मुलीला क्रीमरोल हवा होता. तो एकटा वर आला. अंगाने भरला होता. नव्या खोलीचं सांगितलं, मिरच्या लागल्या म्हणाला. मग उठता उठता परत बसला.

"मॅडम, एक सांगू का. त्या दिवशी हॉर्न मी बी ऐकला व्हता."

मी हातातला पेढ्याचा बॉक्स टेबलावर ठेवला.

"तुमी बाहेर जाऊन आलाव, तवा तुमचं तोंड बघितलं. म्हटलं, यांना बी ऐकू आलंय. आता म्हणतील, जा बालाजी, कोणीतरी थांबलंय खाली. तुमी म्हणला असता तर मी गेलो असतो. ओ दिली व्हती न मी. तुमच्याच समोर दिली व्हती."

"मग?"

"तुमी बसा म्हणलाव."

खाली त्याची मुलगी कशासाठी तरी हट्ट करत होती, तिचा आवाज वरपर्यंत येत होता. बालाजीने तो ऐकला, जरासा हसला, आणि मग त्याचे डोळे भरून आले.

"तो मला दोनदा न्यायला आला मॅडम. दोनी बारीला मी गेलो नाई. त्याला वाईट वाटलं असंल का?"

दिवसभर मी समोर बसलेल्या माणसांना एकच गोष्ट विचारत असते, असं तुम्ही म्हणता त्याला पुरावा काय? तो विचार खरा कशावरून? हा प्रश्न विचारायचेच मला पैसे मिळतात.

"नाही वाटलं, बालाजी," मी म्हटलं. "अजिबात नाही वाटलं."

त्याने डोळे पुसले, मान हलवली आणि खाली गेला. मी हे कशावरून म्हटलं, ते मला आजही सांगता येणार नाही.